दोन ते सहा

त्या दिवशी आमच्याकडे हेल्मेटं दोन होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची दोन वर्षं मी लोकांना वेगळंच सांगत होतो.

माझं नाव भरतेश मगदूम. तासगावच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. आता डोळ्यांचा नंबर काढायला माणूस लागत नाही. लोक मोबाइल डोळ्यासमोर धरतात आणि नंबर येतो. पण काच फ्रेममध्ये बसवायला, चष्मा नाकावर नीट टेकवायला अजून हात लागतो, म्हणून माझं चाललंय. बायको स्वरूपा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मुली तिला वर्गात घाबरायच्या आणि शाळा सुटली की दुकानात येऊन तिच्याबद्दल मलाच विचारत बसायच्या. आमची एकुलती एक मुलगी अन्वी. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

२०३८ सालचा नोव्हेंबर. कवठेएकंदला माझ्या आतेभावाची वास्तुशांत होती. आम्ही दोघं स्कूटरवर गेलो. तोवर नव्या स्कूटरना ती सोय आली होती, की चालवणाऱ्याच्या हेल्मेटचं बक्कल लागल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. मागे बसणाऱ्यासाठी असलं काही नव्हतं. निघताना वहिनीनं लाडवांचा मोठा डबा स्वरूपाच्या हातात दिला. एका हातात डबा, एका हातात हेल्मेट, वर पदर सांभाळायचा. ती हेल्मेट डोक्यावर चढवायला लागली आणि डबा घसरला. मी म्हटलं, "राहू दे गं. दहा मिनिटांचा रस्ता." मी तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि स्कूटरच्या हुकाला अडकवलं. ती एका बाजूला पाय सोडून बसली.

वाटेत नवा स्पीडब्रेकर घातला होता, त्यावर अजून पांढरे पट्टे मारले नव्हते. वेग तीसच्या आसपास असेल. मी सावरलो, ती मागच्या मागे पडली. मी धावलो तोवर ती स्वतःच उठली होती. पदर झटकत म्हणाली, "मला काही झालं नाही. आधी लाडू गोळा करा, कुत्री येतील."

घरी येऊन तिनं चहा घेतला. डोकं जड झालंय म्हणून आडवी झाली. मी दुकान उघडायला गेलो. तासाभरानं अन्वीचा फोन आला, "पप्पा, आईला उलट्या होतायत आणि ती मला शैला म्हणतेय." शैला ही स्वरूपाची वारलेली बहीण.

मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये कवटी उघडून रक्ताची गुठळी काढली. बाहेरच्या बाकावर माझे सासरे होते, मेहुणा होता. मेहुण्यानं विचारलं, "हेल्मेट नव्हतं घातलं तिनं?"

"किती सांगितलं," मी म्हणालो, "ऐकलंच नाही. केस विस्कटतात म्हणाली."

कुठून आलं ते, मला माहीत नाही. पण एकदा बोललो आणि मग तेच राहिलं.

स्वरूपा वाचली. चालायला लागली, बोलायला लागली, पेपर वाचायला लागली. लोक म्हणाले, देवाची कृपा. जूनमध्ये ती साडी नेसून, पर्स घेऊन शाळेत गेली आणि एका वर्गावर तीन तास एकच धडा शिकवून आली. मुख्याध्यापिकांनी हळूच विचारलं तर तिनं हजेरीपत्रक फाडलं. ती मला चारचौघांत 'अहो' म्हणायची, आता भर दुकानात 'ए भरत' म्हणायला लागली. दूध गॅसवर ठेवून शेजारी जाऊन बसायची. एकदा पडदा पेटला. शेजारणींची गुपितं त्यांच्याच नवऱ्यांना सांगायची. अन्वीच्या मैत्रिणी घरी आल्या होत्या तेव्हा तिनं अन्वीची डायरी आणून हसत हसत मोठ्यानं वाचून दाखवली. त्यानंतर अन्वी कोल्हापूरला माझ्या आक्काकडे राहायला गेली ती परत येईना.

आणि स्वरूपाला यातलं काहीही चुकलेलं वाटत नव्हतं. अपघात झाला होता हे तिला माहीत होतं. डोक्याला मार लागला, ऑपरेशन झालं, घरात गोळ्या आहेत, फिजिओथेरपीवाली येते, हे सगळं ती मान्य करायची. फक्त हे सगळं मला झालंय असं तिचं ठाम मत होतं. आपण नवऱ्याला सांभाळायला रजा टाकली आहे, अशी तिची समजूत होती.

रोज सकाळी नऊ वाजता ती मला समोर बसवायची. "सांग, सतरा चोक?"

"अडुसष्ट."

"शाब्बास. सुधारतोयस तू." मग स्वतः सोललेले चार बदाम माझ्या हातावर ठेवायची.

दुकानात गिऱ्हाईक आलं की ती त्याला बाजूला घेऊन सांगायची, "यांच्या डोक्याला मार लागलाय. जरा सांभाळून घ्या हं." गिऱ्हाईक तिच्याकडे बघून मान डोलवायचं आणि माझ्याकडे बघायचं टाळायचं.

खरं सांगतो, मला त्याची सवय झाली होती. बरंही वाटायचं कधी कधी.

मिरजेच्या डॉक्टर रुबिना मुजावर यांनी २०४१ च्या जानेवारीत मला बोलावून घेतलं. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या बाई. बोलताना टेबलावरचा पेपरवेट सारखा फिरवत राहायच्या.

"मगदूम, तुमच्या मिसेसना आपल्याला काही झालंय हे का कळत नाही, माहितीये? तुम्हाला वाटत असेल, त्या कबूल करत नाहीत. तसं नाही. कबूल न करायला आधी कळावं लागतं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपला मेंदू प्रत्येक कृतीआधी एक अंदाज बांधतो. पाऊल इथं पडेल, चहा इतका गोड होईल, मी असं बोललो की समोरचा हसेल. घडलं ते अंदाजाशी जुळलं नाही, की आत एक बारीकशी ठिणगी उडते. काहीतरी चुकलं, असं सांगणारी. कपाळामागचा भाग ती ठिणगी टिपतो आणि तिच्यावरून आपलं स्वतःबद्दलचं चित्र दुरुस्त करत राहतो. दिवसातून हजार वेळा. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

"यांच्या मेंदूत ठिणगी उडते. आम्ही मोजलीय. पण पुढं पोचत नाही. मार बसला तेव्हा मेंदू कवटीत हलला आणि मधले धागे तुटले. त्यामुळं त्यांच्याकडचं स्वतःचं चित्र अपघाताच्या आदल्या दिवशीचंच आहे. आणि मेंदूला रिकामी जागा चालत नाही. तुकडे सगळे खरे आहेत, अपघात, ऑपरेशन, रडणारा नवरा. त्यातून त्यानं एक गोष्ट जुळवली."

"म्हणजे मी आजारी."

"म्हणजे तुम्ही आजारी." त्यांनी पेपरवेट थांबवला. "आता त्या तुटलेल्या जागेवरून ठिणगी पलीकडे पोचवणारं यंत्र आलंय."

केसाहून बारीक दोन तारा आत, कानामागे कातडीखाली नखाएवढी चकती. वरून दुसरी चकती टेकवून सांभाळणाऱ्यानं आपला अंगठा लावला की यंत्र सुरू. दिवसातून चार तास, जास्त नाही. त्यापुढं फिट येण्याचा धोका. काही रुग्णांत तीन महिन्यांत मेंदू स्वतःच नवी वाट पाडतो आणि यंत्र काढता येतं. काहींत नाही पाडत.

"बसवायला तुमची सही चालेल," डॉक्टर म्हणाल्या, "पण फक्त तीन महिन्यांपुरती. नवा कायदा तसा आहे. तीन महिन्यांनी पुढं ठेवायचं की काढायचं, ते त्याच ठरवणार. आणि यंत्र चालू असताना ठरवणार. बंद असतानाचं मत धरलं जात नाही."

माझ्या दुकानात लहान मुलं येतात. जन्मापासून नंबर असलेली. पहिल्यांदा चष्मा लावून बाहेर बघतात आणि म्हणतात, झाडाला वेगवेगळी पानं असतात होय? मला वाटलं, हे तसंच काहीतरी असेल. मी सही केली. चार दिवसांत तारा आणि चकती बसवली.

आम्ही वेळ ठरवली दुपारी दोन ते सहा. सहाला घरी जेवणं होतात, आमच्यात सूर्यास्ताआधी जेवायची पद्धत. पहिल्या दिवशी दोन वाजता मी तिला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं. तिला वाटत होतं माझ्यासाठीचं काहीतरी आहे आणि मी घाबरू नये म्हणून ती आधी स्वतःला लावून दाखवतेय. मी अंगठा लावला.

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग तिनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. नखं वाढलेली होती. साडीवर वरणाचा डाग होता, तो तिनं बोटानं खरवडला. टेबलावर तिची वही होती, ती रोज त्यात माझ्या तब्येतीच्या नोंदी करायची. तिनं ती उघडली. एकच ओळ पानंच्या पानं लिहिलेली होती. ती वाचत गेली. पानं उलटत गेली.

"अहो," ती म्हणाली.

दोन वर्षांत मी तो शब्द ऐकला नव्हता.

"लागलं मला होतं. होय ना? तुम्हाला नाही."

मी मान हलवली.

"अन्वी कुठंय?" आणि मग तिला स्वतःलाच आठवलं. डायरी आठवली, मैत्रिणींचे चेहरे आठवले. यंत्र नसतानाचं ती काही विसरत नव्हती. सगळं तिच्यात साठलेलं होतं, फक्त त्याचा अर्थ आज लागत होता. तिनं पदर तोंडात धरला आणि तशीच बसून राहिली, साडेपाचपर्यंत. मी जवळ बसलो. दुसरं काय करणार?

सहा वाजता यंत्र बंद झालं. दहा मिनिटांनी ती डोळे पुसत म्हणाली, "ए भरत, तू रडवलंस ना मला? चल, जेवून घे."

हळूहळू तिनं ते चार तास हातात घेतले. शिक्षिकाच ती. वेळापत्रक केलं. अडीचला व्यायाम, तीनला स्मरणशक्तीचे धडे, चारला फोन. ज्या ज्या शेजारणीचं काही बोलून बसली होती तिला तिला फोन करून माफी मागितली. अन्वीला पहिल्यांदा फोन केला तेव्हा अन्वी म्हणाली, "आई, हे तूच बोलतेयस का?" त्यानंतर ती दर शनिवारी दुपारी यायला लागली आणि सहाच्या आत निघायला लागली.

स्वरूपानं घरभर चिठ्ठ्या लावल्या. गॅसवर, 'पेटवू नकोस, भरतेशना हाक मार.' दारावर, 'एकटी बाहेर जाऊ नकोस.' सहानंतरची स्वरूपा त्या चिठ्ठ्या वाचायची, हसायची आणि काढून टाकायची. "बघ, काय काय लिहून ठेवतोस. अक्षर मात्र माझ्यासारखं काढायला लागलास." दुसऱ्या दिवशी दोन वाजता ती कचऱ्याच्या डब्यातून आपल्याच चिठ्ठ्या उचलायची.

"तिला समजावून सांगा ना तुम्ही," मला म्हणायची. "माझं ऐकत नाही ती."

डॉक्टर दर पंधरा दिवसांनी तपासायच्या. नवी वाट पडत नव्हती. दीड महिन्यानं त्यांनी पेपरवेट फिरवायचा थांबवून तसं सांगून टाकलं.

मार्चमध्ये एके दिवशी स्वरूपा म्हणाली, "मला शाळेत जायचंय. शिकवायला नाही. मुलींना सांगायला. आता निम्म्या मुली स्कूटरवर मागे बसून येतात. कुणीतरी सांगायला नको?"

मुख्याध्यापिकांनी नववी ब चा तास दिला. मी वर्गात मागच्या बाकावर बसलो. स्वरूपानं फळ्यावर मेंदू काढला, पूर्वीसारखाच, एका ओघात. कवटी आतून कशी खडबडीत असते, आणि डोकं आपटलं की मऊ मेंदू आतल्या आत कसा घासला जातो ते सांगितलं. उठून चालता आलं म्हणजे काही झालं नाही, असं समजू नका म्हणाली. "मी चहा प्यायले होते. लाडू गोळा करा म्हणाले होते, असं सांगतात."

मग म्हणाली, "माझे मिस्टर मला सांगत होते, हेल्मेट घाल, हेल्मेट घाल. मी म्हटलं, केस विस्कटतात."

मुली हसल्या.

"आता बघा केस." तिनं केस बाजूला करून टाक्यांची रेघ दाखवली. "माझी मुलगी माझ्यापासून लांब राहते. मला दिवसाचे चार तासच कळतं की मी कोण आहे. कशासाठी? तर मी ऐकलं नाही म्हणून."

एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, तुम्हाला सरांचा राग नाही येत? त्यांनी जबरदस्तीनं का नाही घातलं?"

"त्यांनी सांगितलं ना, बाळ. चूक माझी." आणि ती माझ्याकडे बघून हसली.

मी पण हसलो. तोंड हललं तरी माझं. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोन शाळांनी बोलावलं.

त्या रात्री झोप लागली नाही एवढंच सांगतो. सकाळी नऊला तिनं मला पाढे विचारायला बसवलं. मी म्हटलं, "स्वरूपा, मला एक सांगायचंय."

"सांग की."

मी सगळं सांगितलं. डबा, हेल्मेट, हुक, दहा मिनिटांचा रस्ता. हॉस्पिटलच्या बाकावर काय बोललो तेही. बोलताना मी रडत होतो.

तिनं बदामाचं साल बाजूला ठेवलं, हात पदराला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. "असू दे, असू दे. डॉक्टर म्हणाल्या होत्या मला, डोक्याला मार लागलेला माणूस नको नको ते स्वतःवर घेतो. तुझा नाही रे दोष. हे बघ माझ्याकडे. तू काही केलं नाहीस."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोन वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. अर्धा तास तसाच पडून होतो आणि मग माझ्या लक्षात आलं, ती विसरणार नाही. दोन वाजता तिला हे सगळं आठवेल.

दोन वाजले. मी चकती हातात घेतली. पुन्हा कपाटात ठेवली. तिला काहीच कमी वाटलं नाही. ती टीव्ही बघत बसली.

दुसऱ्या दिवशीही मी लावलं नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधून फोन आला, "यंत्राची नोंद येत नाहीये, सर." मी म्हटलं, चार्जिंगचा घोळ आहे, बघतो. मला त्या तीन दिवसांत एक गोष्ट कळली होती. मी अंगठा लावला नाही तर दोन वाजताची स्वरूपा नसतेच. तिला कुणी शोधायला येणार नाही. तिलासुद्धा आपण हरवलोय हे कळणार नाही.

चौथा दिवस शनिवार होता. अन्वी आली. तिला अठरा पूर्ण होऊन आठवडा झाला होता, आईला दाखवायला नवा ड्रेस घालून आली होती.

"पप्पा, सव्वादोन झाले."

"जरा चार्जिंगचं..."

"दिवा हिरवा आहे की." ती चकती घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "पप्पा, काय झालंय?"

मी अंगठा लावला.

पाच मिनिटं गेली. स्वरूपा खुर्चीत ताठ झाली. अन्वीचा ड्रेस बघितला, तिला जवळ घेतलं. मग माझ्याकडे वळली.

"तीन दिवस," ती म्हणाली. "तीन दिवस तुम्ही मला येऊ दिलं नाहीत."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"त्या दिवशीचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. पुढंही आठवणार नाही. तुम्ही सांगाल तेच माझ्यासाठी घडलेलं. म्हणून पुन्हा सांगा. पहिल्यापासून. अन्वीसमोर."

मी सांगितलं. या वेळी माझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला नाही. अन्वी ऐकता ऐकता उठली आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

स्वरूपानं एकच विचारलं. "मी घालत होते?"

"हो. अर्धं चढवलं होतंस."

ती खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "नववी ब ला मी खोटं सांगून आले."

सोमवारी आम्ही पुन्हा शाळेत गेलो. अन्वी परत गेली नव्हती, तीही बरोबर आली. तिनं मुलींना सांगितलं, "मागच्या वेळी मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली. बरोबर काय ते सर सांगतील." मी फळ्याजवळ उभा राहिलो. घरून पाठ करून गेलो होतो, पण दोन-तीन वाक्यांतच संपलं. मुली माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या. मग ती पुढं झाली आणि म्हणाली, "दहा मिनिटांचा रस्ता आहे असं कुणी म्हणालं, तर गाडीवरून उतरा. बाप असो, भाऊ असो, नवरा असो. उतरा आणि आधी बक्कल लावा." घंटा झाली. वर्गाबाहेर पडताना तिनं अन्वीचा हात धरला होता. मी चार पावलं मागे होतो.

त्यानंतर दोन ते सहा ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. भांडली नाही, टाकून बोलली नाही. दोनला अंगठा लावून मी दुकानात जायचो; चारला बंद करून लवकर यायचो तेव्हा ती वही मिटून आतल्या खोलीत जायची. सहानंतर बाहेर यायची ती दुसरीच. माझ्या कपाळाला हात लावून ताप बघायची, भाजीत मीठ जास्त झालंय का विचारायची. मी दिवसभर सहा वाजायची वाट बघायला लागलो. असं लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे.

एप्रिलच्या मध्यावर तीन महिने भरले. दुपारी चारला डॉक्टर मुजावरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. कायद्याप्रमाणे बाहेरचे एक गृहस्थही साक्षीला होते, ते कोपऱ्यात बसून टिपून घेत होते.

डॉक्टरांनी सावकाश विचारलं, "स्वरूपाताई, यंत्र ठेवायचं की काढायचं? काढलं तर त्रास नाही. तुम्हाला दुःखही होणार नाही. ठेवलं तर आहे हे असंच राहील. तुमच्या बाबतीत यापुढं सुधारणा होईल असं मला वाटत नाही, हेही स्पष्ट सांगते."

मला ती 'काढा' म्हणायला हवी होती. मनातल्या मनात मी तेच म्हणत होतो. तिच्या सुखासाठी, असं स्वतःला समजावत होतो.

"ठेवायचं," ती म्हणाली.

"त्रास होतो ना?"

"होतो. रोज दोन वाजता पुन्हा नव्यानं कळतं. पण डॉक्टर, वीस तास मला राग येत नाही, लाज वाटत नाही, काही गमावलंय असंसुद्धा वाटत नाही. तिथं माझं असं काहीच नसतं. राग आला तर येऊ दे. माझा आहे तो."

डॉक्टरांनी मान हलवली.

"आणि अंगठा बदलायचाय," स्वरूपा म्हणाली. "यांचा काढा, अन्वीचा घाला. ती आता तासगावला येऊन राहणार आहे, इथल्याच कॉलेजात जाईल. दोन ते सहा हे दुकानात असतील."

कोपऱ्यातल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची हरकत?"

"हरकत घ्यायचा त्यांना हक्क आहे का?" स्वरूपानं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मी म्हटलं, "माझी हरकत नाही."

मग स्वरूपा प्रथमच माझ्याकडे वळून नीट बोलली. "अहो, सहानंतर जी असते ना, ती तुमची मनापासून काळजी घेते. मी बघत असते सगळं. चांगली आहे ती. तिला काही समजावायला जाऊ नका आता. आणि तुम्ही तिच्याशी खोटं वागू नका. एवढं करा."

"बरं," मी म्हणालो.

अन्वीच्या अंगठ्याची नोंद, सह्या, कागद होता होता सहा वाजत आले. अन्वी औषधं आणायला खाली गेली. मी आणि स्वरूपा व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. दोघांच्या मध्ये तिची पर्स होती. सहाला पाच मिनिटं असताना ती म्हणाली, "उन्हाळ्यात तुमच्या पायांना भेगा पडतात. तेल लावत जा." बस्स. तिनं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा तिनं इकडं तिकडं बघितलं, पर्स उचलून खांद्याला लावली आणि माझ्या जवळ सरकून बसली. "काय म्हणाल्या रे डॉक्टर?"

"आहे तसंच राहील म्हणाल्या."

"राहू दे. मी आहे ना." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "चल, पोरगी खाली थांबली असेल."

हॉस्पिटलसमोरचा रस्ता रुंद आहे. पलीकडं रिक्षा उभ्या होत्या आणि एका रिक्षाजवळ औषधांची पिशवी घेऊन अन्वी उभी होती. ती आमच्याकडे बघत होती, पण हात हलवत नव्हती. स्वरूपानं फुटपाथच्या कडेला मला थांबवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"एकदम पळायचं नाही हं. मी सांगेन तेव्हाच पाऊल टाकायचं. गाड्या किती जोरात येतात, तुला अंदाज येत नाही आता."

डावीकडून काही येत नव्हतं. उजवीकडूनही नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो, ती 'चल' म्हणेपर्यंत.